पाहुण्यांचे गाव : मेअर्सबुर्ग

1994 साली मी पहिल्यांदा जर्मनीला गेले. तेव्हा युरो आलेला नव्हता. खिशातल्या वीस मार्कांच्या हिरव्या नोटेवर एका स्त्रीचे चित्र असे. मधोमध भांग पाडून चापूनचोपून बसवलेले केस, किंचित पुढे आलेले मोठे डोळे आणि चेहऱ्यावर काहीशी अलिप्तता. तिच्यामागे उतरत्या छपरांची घरे आणि मनोरे दिसत. नोटेच्या पाठीमागे पिसाची लेखणी आणि बीच नावाचे झाड होते. पुण्यात जर्मन शिकताना आम्हाला गटे, शिलर, हाइने, ब्रेश्ट हे सगळे भेटले होते. या बाई भेटल्या नव्हत्या. ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजींना मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘आनेट फॉन ड्रोस्टे-ह्यूल्सहोफ. आमची मोठी कवयित्री. आणि मागचे गाव मेअर्सबुर्ग.’’

ते गाव पाहायला मला पुढे बरीच वर्षे लागली. मधल्या काळात ड्रोस्टे वाचली आणि तिच्या चरित्रातला एक तपशील माझ्या मनात रुतून बसला. ज्या गावासह तिचे चित्र देशाच्या नोटेवर छापले गेले, त्या गावात ती पाहुणी होती. बहिणीच्या नवऱ्याच्या किल्ल्यात मुक्कामाला आलेली अविवाहित मेहुणी! मग गावाचा इतिहास चाळू लागले तेव्हा लक्षात आले की या गावाला मोठे केले ते बहुतेक सगळे असेच बाहेरून आलेले लोक होते. कुणी सत्ता गमावून आले, कुणी प्रतिष्ठा गमावून, कुणी शहराला कंटाळून. मेअर्सबुर्गचा इतिहास हा पाहुण्यांचा इतिहास आहे. त्यांपैकी कोण यजमान झाले आणि कोण अखेरपर्यंत पाहुणेच राहिले, हा माझ्यापुरता या लेखाचा प्रश्न आहे.

आधी भूगोल. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्ये बोडेनझे नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. लांबी सुमारे 63 किलोमीटर, क्षेत्रफळ 536 चौरस किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी 251 मीटर. आल्प्समधून आलेली ऱ्हाइन नदी त्यात एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. दक्षिणेकडे कोन्स्टान्झ हे मोठे शहर, आणि त्याच्या समोरच्या उत्तर काठावर मेअर्सबुर्ग. वस्ती जेमतेम सहा हजारांच्या आसपास. 1928 पासून या दोन काठांमध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. पाऊण तास वळसा घालण्याऐवजी माणूस पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोचतो.

मीही त्याच बोटीने गेले. पाण्यावरून पाहिले की गावाची रचना एका नजरेत कळते. खाली काठालगत एक वस्ती, वर कड्यावर दुसरी. ‘खालचे गाव’ आणि ‘वरचे गाव’ अशीच त्यांची नावे आहेत. मध्ये एक चढाचा फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी बाहेरून दिसणारी जुनी घरे. वरच्या कड्यावर दोन राजवास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक दगडी, जाड भिंतींचा, खिडक्या बारीक असलेला जुना किल्ला. दुसरा गुलाबी छटेचा, मोठ्या खिडक्यांचा, आपले वैभव मुद्दाम दाखवणारा नवा राजवाडा. उरलेल्या उतारावर द्राक्षांचे मळे थेट पाण्याकडे धावतात. सरोवरामुळे हवा सौम्य राहते, पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही वेलींना मिळते. म्हणून इथे शतकानुशतके द्राक्षाची लागवड होत आली आहे. आकाश निरभ्र असेल तर पलीकडे स्वित्झर्लंडमधले झेंटिसचे 2502 मीटर उंचीचे बर्फाच्छादित शिखर दिसते.

जुन्या किल्ल्यात शिरताना पहिली गोष्ट कानावर येते ती दागोबेर्ट राजाची. सातव्या शतकात या फ्रँक राजाने किल्ल्याची पायाभरणी केली, असे सांगतात. मधल्या जाड मनोऱ्याला त्याचेच नाव आहे. जर्मनीतला हा सर्वांत जुना वस्ता किल्ला, असाही दावा केला जातो. पण ही परंपरा आहे, पुरावा नव्हे. आपल्याकडे प्रत्येक जुन्या देवळाला पांडवांनी एका रात्रीत बांधलेले म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. एवढे मात्र खरे की किल्ल्यात आजही खासगी मालकांचे बिऱ्हाड आहे आणि बाकीच्या खोल्या तिकीट काढून पाहता येतात. शस्त्रांचे दालन, स्वयंपाकघर, विहीर, अंधारकोठडी असे सगळे त्यात आहे.

गावाचा पहिला मोठा पाहुणा म्हणजे कोन्स्टान्झचा बिशप. जर्मन भाषक प्रदेशातल्या सर्वांत विस्तीर्ण धर्मप्रांतांपैकी एक त्याच्या अखत्यारीत होता, आणि तो नुसता धर्मगुरू नव्हता, राजाही होता. मेअर्सबुर्ग आधीपासून त्याच्या मालकीचे होते. पण ते उन्हाळ्यात येऊन राहायचे ठिकाण, गादी कोन्स्टान्झला. 1414 ते 1418 या काळात त्याच शहरात ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरली होती आणि 6 जुलै 1415 रोजी बोहेमियाचा सुधारक यान हुस याला तिथे जिवंत जाळण्यात आले होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी काळ उलटला. ल्यूथरची चळवळ आली, कोन्स्टान्झचे नागरिक तिच्या बाजूने झुकले आणि 1526 मध्ये बिशप हूगो फॉन होहेनलांडेनबेर्ग याला गाशा गुंडाळून सरोवर ओलांडावे लागले.

हे स्थलांतर तात्पुरते आहे असेच तेव्हा सर्वांना वाटले असणार. 1548 मध्ये हाब्सबुर्ग घराण्याने कोन्स्टान्झचे स्वातंत्र्य काढून घेतले, शहर पुन्हा कॅथलिक झाले. परतीची वाट मोकळी झाली होती. पण बिशपांचे राहते घर मेअर्सबुर्गच राहिले. कॅथेड्रल एका काठावर आणि बिशप दुसऱ्या काठावर, अशी ही व्यवस्था पुढे अडीचशेहून अधिक वर्षे चालली. निर्वासित यजमान होतो तो असा.

यजमान झाल्यावर जुना किल्ला अपुरा वाटू लागला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शेजारी नव्या वाड्याचे काम सुरू झाले. 1740 मध्ये बिशपपदी आलेल्या दामिआन हूगो फॉन श्योनबोर्न याला बांधकामाचे वेडच होते. त्याने बाल्थाझार नॉयमान या त्या काळातल्या श्रेष्ठ वास्तुकाराकडून आराखडे करून घेतले. आतल्या चॅपेलमध्ये योझेफ आन्टोन फॉइश्टमायरचे गिलावकाम आणि गोटफ्रीड बेर्नहार्ड ग्योत्सची भित्तिचित्रे आहेत. मी तिथे बराच वेळ बसले. भिंत कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते ते कळू नये, अशी सगळी योजना आहे. ज्यांना एकदा आपल्या शहरातून निघून जावे लागले त्यांनी दोनशे वर्षांनी त्याच शहरासमोर उंचावर हा वाडा बांधला, हे विसरून तो पाहता येत नाही. कोन्स्टान्झकडून बोटीने येणाऱ्या प्रत्येकाला तो दुरूनच दिसतो.

पण नियतीने त्यांना तिथे फार काळ राहू दिले नाही. नेपोलियनच्या धामधुमीत जर्मनीतली धर्मसंस्थांची राज्ये खालसा झाली आणि 1803 मध्ये मेअर्सबुर्ग बाडेन राज्यात गेले. 1821 मध्ये पोपने कोन्स्टान्झचा धर्मप्रांतच बरखास्त केला. राजधानी होते ते गाव रातोरात तालुक्याचे ठिकाण झाले. संस्थान विलीन झाल्यावर आपल्याकडच्या छोट्या राजधान्यांची जी अवस्था झाली, ती आठवावी: वाडा आहे, चौक आहे, दरबार नाही. बिशपांचे द्राक्षमळे मात्र टिकले. ते सरकारजमा झाले आणि आजही तिथे सरकारी मालकीचा वाइन-कारखाना चालतो.

याच पडत्या काळात दुसरा पाहुणा आला. फ्रान्त्स आन्टोन मेस्मर. त्याचा जन्म 1734 चा, बोडेनझेच्याच काठावरच्या इत्स्नांग या खेड्यातला. व्हिएन्नात तो डॉक्टर झाला. सर्व प्राणिमात्रांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो आणि वैद्याने हातवारे करून तो मोकळा करता येतो, असा त्याचा सिद्धान्त होता. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागली. मग 1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने डोळे बांधून प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की असा कोणताही द्रव सिद्ध होत नाही. जो परिणाम दिसतो तो कल्पनेचा. मेस्मरची कीर्ती ओसरली. म्हातारपणी तो आपल्या सरोवराकडे परतला आणि 5 मार्च 1815 रोजी मेअर्सबुर्गमध्ये वारला. गावाच्या स्मशानभूमीत त्याचे तीन बाजूंचे संगमरवरी स्मारक आहे.

या माणसाचा आपल्याशी थेट संबंध आहे. त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, 1845 मध्ये, जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने बंगालमधल्या हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. तेव्हा ईथर आणि क्लोरोफॉर्म अजून रुळायचे होते. 1846 मध्ये कलकत्त्यात त्यासाठी वेगळे इस्पितळही निघाले. चौकशी समितीचे म्हणणे बरोबर होते, द्रव नव्हताच. पण ‘नुसती कल्पना’ म्हणून तिने जी बाजूला सारली तिच्यात बरेच सामर्थ्य होते, हे पुढच्या संमोहनशास्त्राने दाखवले. ‘मेस्मेरिझम’ हा शब्द मराठीतही रुळला. त्या शब्दाचा धनी या लहानशा गावात झोपला आहे, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

तिसरा पाहुणा योझेफ फॉन लासबेर्ग. 1770 चा जन्म, सरदार घराणे, आणि जुन्या हस्तलिखितांचा नाद. मध्ययुगीन जर्मन महाकाव्य ‘नीबेलुंगेनलीड’ याच्या तीन प्रमुख हस्तलिखितांपैकी एक त्याने 1815 मध्ये मिळवले. अभ्यासक त्याला ‘सी’ प्रत म्हणतात. आज ती कार्ल्सरूहच्या ग्रंथालयात आहे. ग्रिम बंधू, कवी उहलांड अशा मंडळींशी त्याचा पत्रव्यवहार होता. 1838 मध्ये त्याने मेअर्सबुर्गचा जुना किल्ला बाडेन सरकारकडून विकत घेतला आणि बायको, जुळ्या मुली आणि हजारो ग्रंथांसह तो तिथे राहायला आला. आज किल्ला उभा आहे याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्याला जाते. त्याची बायको येनी ही आनेटची थोरली बहीण.

आता आपण मूळ प्रश्नापाशी आलो. आनेटचा जन्म 1797 चा, वेस्टफालियातल्या म्युन्स्टर शहराजवळच्या ह्यूल्सहोफ या गढीतला. 1826 मध्ये वडील गेले. रिवाजाप्रमाणे गढी भावाकडे गेली आणि आई दोन अविवाहित मुलींना घेऊन र्‍यूशहाउस नावाच्या जवळच्याच लहान घरात राहू लागली. आनेटला वर्षासन मिळे. त्या बदल्यात ती कुटुंबात कुणी आजारी पडले की शुश्रूषेला, कुणी बाळंत झाले की मदतीला जाई. लिहिलेले छापायचे तर आईची मर्जी सांभाळावी लागे. 1838 मध्ये पहिला कवितासंग्रह निघाला तो अर्धवट नावाने: आद्याक्षरे आणि टिंबे. त्याच्या 74 प्रती खपल्या. नातेवाइकांना ते छापणे लाजिरवाणे वाटले.

हे वाचताना मला आमच्या घरातली आत्या आठवली. लहानपणी विधवा होऊन ती माहेरी परतली ती कायमची. माझ्या वडिलांनी तिला कधी उणे पडू दिले नाही. दोन्ही वेळचे जेवण, सणाला लुगडे. घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक दुखण्याला मात्र आत्याच. तिच्या मालकीची वस्तू एकच, एक हिरवी पत्र्याची ट्रंक. तिची किल्ली कमरेला असे. दुपारी सगळे झोपले की ती ट्रंक उघडून बसे. आत काय आहे ते आम्ही मुलांनी कधी विचारले नाही. आता वाटते, आत काय होते यापेक्षा कुलूप असण्याला तिच्या लेखी अधिक महत्त्व असावे.

1841 च्या शरद ऋतूत आनेट बहिणीकडे मेअर्सबुर्गला आली. त्याच वेळी लासबेर्गचे ग्रंथालय लावून देण्यासाठी लेविन श्यूकिंग हा तरुण लेखक तिथे आला होता. दिवंगत मैत्रिणीचा मुलगा, तिच्याहून सतरा वर्षांनी लहान. ही नेमणूक तिनेच जमवून आणली होती. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, येत्या काही आठवड्यांत मी कवितांचा एक संग्रह लिहून पुरा करीन. तो हसला, प्रेरणा काही अशी फर्मानावर येत नाही म्हणाला. पैज लागली. ती मनोऱ्यातल्या आपल्या खोलीत बसली आणि जवळजवळ दररोज एक कविता खाली आणू लागली. आज तिच्या नावावर जे जर्मन वाङ्मयात टिकून आहे त्यातले कितीतरी त्या एका हिवाळ्यातले आहे. 1842 मध्येच ‘यूडनबूखे’ ही तिची प्रसिद्ध दीर्घकथा नियतकालिकातून आली. एका खेड्यातल्या खुनाची आणि त्याच्या साक्षी असलेल्या झाडाची ती कथा. नोटेच्या पाठीवरचे झाड ते हेच.

त्या हिवाळ्यातल्या ‘मनोऱ्यावर’ या कवितेत एक स्त्री वादळात केस मोकळे सोडून सज्जात उभी आहे. खाली लाटा, दूर जहाज. तिला शिकारी व्हावेसे वाटते, सैनिक व्हावेसे वाटते. पण तिने शहाण्या मुलीसारखे बसायचे असते आणि केस मोकळे करायचे तेही चोरून. मी त्या सज्जात उभी राहिले तेव्हा वारा फारसा नव्हता. तरीही एक गोष्ट जाणवली. तिथून आख्खे सरोवर दिसते, पण पायाखालची फरशी दुसऱ्याची असते. तिची खोली, तिचा पलंग, तिचे लिहायचे टेबल आज किल्ल्याचे मुख्य आकर्षण आहे. ती हयात असताना ती खोली पाहुण्यांची खोली होती.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा सगळा प्रवास केला. 1843 च्या नोव्हेंबरात वरच्या गावाबाहेर, द्राक्षांच्या मळ्यात असलेले एक छोटे घर लिलावाला निघाले. ‘फ्युर्स्टेनहॉयझ्ले’ म्हणजे ‘राजाचे घरकुल’. पूर्वी कधी तरी एका उच्च धर्माधिकाऱ्याने उद्यानगृह म्हणून ते बांधले होते. आनेटने बोली लावली आणि 400 राइशटालरना मळ्यासकट ते घेतले. पैसा कुठला? कोट्टा या नामांकित प्रकाशकाकडून निघणाऱ्या नव्या संग्रहाच्या मानधनावर तिने ही उडी घेतली होती. पहिल्या संग्रहाच्या 74 प्रती खपलेल्या, छापल्याबद्दल घरच्यांची बोलणी खाल्लेल्या बाईने कवितेच्या पैशावर घर घेतले! एलिझे र्‍यूडिगर या मैत्रिणीला तिने याविषयी लांबलचक पत्र लिहिले. 1844 मध्ये संग्रह आला, आता पुऱ्या नावानिशी.

ते घर मी पाहिले. किल्ल्यापुढे ते खेळण्यासारखे दिसते. लहान खोल्या, बुटकी दारे, पण खिडकीतून दिसणारे दृश्य किल्ल्यातल्यापेक्षा जरासुद्धा कमी नाही. तिथे आज तिचे संग्रहालय आहे. ती अत्यंत लघुदृष्टीची होती. दूरचे अंधुक दिसे, जवळचे मात्र भिंगाखाली धरल्यासारखे. काठावरचे शंखशिंपले आणि दगड ती गोळा करीत असे. गवत, किडे, माती यांचे तिच्या कवितेतले बारकावे तिथूनच येतात, असे अभ्यासक मानतात.

पण या घरात ती कधी नांदली नाही. प्रकृती खालावत गेली. श्यूकिंगने लग्न केले, पुढे एका कादंबरीत सरदारवर्गाची जी चित्रे काढली ती तिला आपल्याच माणसांवरून घेतलेली वाटली, आणि मैत्री तुटली. 1846 मध्ये ती अखेरची मेअर्सबुर्गला आली. 24 मे 1848 रोजी, सगळा जर्मनी क्रांतीने ढवळून निघालेला असताना, ती जुन्या किल्ल्यातच वारली. म्हणजे मेहुण्याच्या घरी. स्वतःचे घर तिथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे निराशाजनक वाटेल. मला तसे वाटत नाही. बिशप यजमान झाले ते सत्तेमुळे, लासबेर्ग पैशामुळे. आनेटजवळ यातले काही नव्हते. तिने आधी लिहिले आणि त्या लिहिण्याच्या बळावर जमिनीचा एक तुकडा आपल्या नावावर केला. तिथे राहायला मिळाले नाही हे दैव. पण लिलावात आपल्या नावाने बोली लावणे हा निर्णय होता. पाहुणेपण संपते ते बहुधा अशा निर्णयाच्या क्षणी.

आणखी एका पाहुण्याचा उल्लेख केल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आनेट आणि श्यूकिंग फिरता फिरता कड्यावरच्या एका लहान खानावळीत बसत असत. तिच्यावर आनेटची कविताही आहे. ‘ग्लाझरहॉयझ्ले’ नावाच्या त्याच घरात 1909 मध्ये फ्रित्स माउथनर राहायला आला. बोहेमियातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, बर्लिनच्या वृत्तपत्रसृष्टीत गाजलेला हा लेखक भाषेचा तत्त्वज्ञ होता. भाषेने सत्य पकडता येते यावर त्याचा विश्वास नव्हता. विट्गेन्श्टाइनने ‘ट्रॅक्टेटस’मध्ये त्याचे नाव घेतले आहे, ते मतभेद नोंदवण्यासाठी का होईना. बोर्हेसला तो प्रिय होता. याच गावात राहत असताना, 1913 मध्ये, त्याने ‘गौतम बुद्धाचा शेवटचा मृत्यू’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्दांपलीकडच्या मौनाचा शोध घेणाऱ्या माणसाला बुद्ध आठवावा, आणि तोही द्राक्षमळ्यातल्या या काठावर, याचे मला तरी आश्चर्य वाटले नाही. 1923 मध्ये तो इथेच वारला. त्याचीही समाधी याच स्मशानभूमीत आहे. मेस्मर, आनेट, माउथनर: अदृश्यावर विश्वास ठेवणारा, जवळचे अचूक पाहणारी आणि शब्दांवरच शंका घेणारा. तिघे एकाच कुंपणाच्या आत.

परतताना बंदराच्या धक्क्यावर शिल्पकार पेटर लेंक याने 2007 मध्ये उभारलेला उंच स्तंभ पाहिला. त्यावर गावातल्या नामवंतांची खट्याळ शिल्पे आहेत. लासबेर्ग आहे, मेस्मर आहे. सर्वांत वर आनेट आहे, सीगल पक्ष्याच्या रूपात. बोट सुटली तरी बराच वेळ ती दिसत राहते.

वीस मार्कांची एक नोट मी जपून ठेवली आहे. 2002 मध्ये मार्क चलनातून गेला, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक जुन्या नोटा अजूनही बदलून देते, त्याला मुदत नाही. वीस मार्कांचे दहा युरो तेवीस सेंट होतात. दर खेपेला जाताना ती नोट पाकिटात ठेवते आणि तशीच परत आणते.